गुण कमी पडले. आता पुढे काय?

डॉक्टर होण्याची इच्छा बाळगणाऱ्या मुलामुलींच्या घरी निकालाची संध्याकाळ फार लांबते. फोन वाजत राहतो. काकू, मावशी, शेजारी, आईच्या ऑफिसातल्या मैत्रिणी, सर्वांना एकच आकडा ऐकायचा असतो. मुलगा खोलीचे दार लावून बसलेला, वडील गप्प, आणि कुणाला काय सांगायचे या विचारात आई. अशा वेळी काहीतरी लगेच ठरवून टाकावे असे घरातील प्रत्येकाला वाटते. आजोबा म्हणतात, "अजून एक वर्ष बसू दे." मामा म्हणतो, "बाहेरच्या देशात पाठवा, माझ्या ओळखीचा एक जण आहे." नेमके याच आठ दिवसांतले निर्णय पुढे महागात पडतात.

आधी परिस्थिती समजून घेतली पाहिजे. २०२५ मध्ये 'नीट' या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेला सुमारे २२ लाख विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा मात्र सरकारी आणि खासगी मिळून सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे पात्र ठरलेल्या दहा जणांपैकी साधारण एकालाच जागा मिळणार! त्या वर्षी खुल्या गटासाठी पात्रतेची रेषा ७२० पैकी १४४ गुणांवर होती, पण सरकारी महाविद्यालयातल्या जागा त्याच्या कितीतरी वरच संपतात. 'पात्र' हा शब्द वाचून पेढे वाटणारे आणि जागा न मिळाल्यामुळे मुलाला नालायक ठरवणारे, दोघेही या हिशेबाकडे दुर्लक्ष करतात.

गुण नव्हे, क्रमांक पाहा

गेल्या वर्षीच्या शेजारच्या मुलीशी तुलना करण्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दरवर्षीच्या प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी सारखी नसते. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. पुढच्याच वर्षी देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण मिळाले. २०२५ मध्ये सहाशेच्या वर गुण मिळवणारे दीड हजारही नव्हते, तर आदल्या वर्षी ते कित्येक हजार होते. तेव्हा "हिला गेल्या वर्षी सहाशे होते, तुला इतके कमी कसे?" हा प्रश्नच चुकीचा आहे. पाहायचा असतो तो देशातला क्रमांक आणि आपल्या प्रवर्गातला क्रमांक.

बारावीच्या गुणांचे वेगळे आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून खुल्या गटासाठी ५० टक्के आणि मागास प्रवर्गांसाठी ४० टक्के गुण लागतात, शिवाय इंग्रजीत उत्तीर्ण व्हावे लागते. येथे थोडक्यात अडले असेल तर राज्य मंडळाकडे गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवे असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते. पुरवणी परीक्षेचा आणि श्रेणीसुधार योजनेचाही मार्ग आहे. मात्र 'नीट'च्या निकालाला पुनर्तपासणी नसते. उत्तरतालिका प्रसिद्ध झाली की ठरावीक दिवसांत, शुल्क भरून आक्षेप घेता येतो. ती मुदत गेली की विषय संपला.

फेऱ्या संपेपर्यंत धीर धरा

पहिल्या फेरीत नाव आले नाही की अनेक घरांतून आशा सोडली जाते. वस्तुतः सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, तर ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून. या दोन्ही प्रक्रिया स्वतंत्र चालतात आणि प्रत्येकीच्या अनेक फेऱ्या होतात. वरच्या क्रमांकाची मुले एका ठिकाणची जागा सोडून दुसरीकडे जातात, तशी यादी खाली सरकते. काठावरच्या मुलाचे नाव शेवटच्या फेरीत लागल्याची उदाहरणे दरवर्षी दिसतात.

पसंतीक्रम भरताना "आपल्याला हे कुठले मिळायला!" म्हणून चांगले महाविद्यालय खाली टाकू नये. वाटप क्रमांकानुसार होते. वरची पसंती मिळाली नाही तर खालची विचारात घेतली जाते. त्यामुळे खरोखर जे हवे ते वर लिहावे. मात्र मिळाल्यावर जायचेच नाही असे नाव यादीत घालू नये, कारण नंतरच्या फेऱ्यांत मिळालेली जागा सोडली तर अनामत रक्कम बुडते आणि पुढची वाटही अडू शकते. त्या वर्षीची नियमपुस्तिका घरातल्या एका मोठ्या माणसाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलीच पाहिजे.

कागदपत्रांचे तसेच. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास दाखला हे निकालानंतर धावपळ करून मिळत नाहीत, आणि चांगला क्रमांक असूनही त्यांच्यावाचून जागा हातची जाते. इंदूर, बडोदा किंवा हैदराबादला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी साधारणपणे अधिवासाबरोबर दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. आडनाव मराठी असून चालत नाही. मुलगा ज्या राज्यात शिकला त्या राज्याचे नियम आधी पाहावेत.

पुन्हा बसायचे, पण कशासाठी?

सगळ्या फेऱ्या संपल्या आणि जागा मिळाली नाही, मग खरा प्रश्न उभा राहतो. आज 'नीट'ला कितीही वेळा बसता येते. वयाची वरची मर्यादाही नाही. ती अट २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. अनेकांना यात दिलासा वाटतो, आणि तो आहेही. पण याचाच दुसरा अर्थ असा, की थांबायचे कधी हे आता सरकार सांगणार नाही. ते घरालाच ठरवावे लागेल. ज्या घरांत ते ठरत नाही तिथे एकाची दोन आणि दोनाची चार वर्षे कशी होतात ते कळत नाही. बरोबरीची मुले नोकरीला लागतात आणि हा मुलगा लग्नाकार्यात जायलाही टाळू लागतो.

म्हणून पुन्हा बसण्याआधी प्रश्नपत्रिका समोर ठेवून चुकलेल्या आणि सोडलेल्या प्रश्नांचे तीन भाग करावेत. पहिला भाग, जे येतच नव्हते ते. दुसरा, येत होते पण घाईने किंवा अर्धवट आठवून चुकले ते. तिसरा, वेळ न उरल्याने राहिले ते. हे काम आईवडिलांनी नव्हे, मुलाने स्वतः करावे, शक्य तर एखाद्या शिक्षकाबरोबर.

या तीन भागांतून बरेच कळते. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक जातो. म्हणजे चुकलेला प्रश्न बरोबर आला तर पाच गुणांचा फरक पडतो. दुसऱ्या भागात असे १५ प्रश्न असतील तर तेथेच ७५ गुण आहेत, आणि ते सरावाने परत मिळवता येतात. अशा मुलाला दुसरी संधी जरूर द्यावी. परीक्षेच्या आधी आजारपण आले, घरात दुःखद प्रसंग घडला, अशांनाही ती द्यावी. तिसरा भाग मोठा असेल तर घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवण्याची सवय नव्हती असे समजावे. पण पहिलाच भाग सर्वांत मोठा असेल, भौतिकशास्त्राचे अकरावीचे पायाभूत धडेच कच्चे असतील, तर नुसता क्लास बदलून काही होत नाही. अकरावीपासून पुन्हा सुरुवात करायची तयारी आहे का, असे त्याला विचारावे. उत्तर मोकळेपणाने "नाही" आले, तर ते प्रामाणिक उत्तर आहे. त्याचा राग धरू नये.

पुन्हा बसायचे ठरलेच, तर काही गोष्टी आधीच एका कागदावर लिहून ठेवाव्यात. किती वर्षे? एकच. खर्च किती आणि कुठून? त्यासाठी धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचे पैसे मोडायचे आहेत का? डिसेंबरपर्यंतच्या सराव परीक्षांत गुण वाढले नाहीत तर काय करायचे? आणि पुढच्या वर्षीही जागा मिळाली नाही तर कोणत्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा? हे शेवटचे उत्तर आधीच तयार असलेली मुले परीक्षेला अधिक मोकळ्या मनाने बसतात. "आता नाही तर कधीच नाही" हे ओझे त्यांच्या डोक्यावर नसते.

मुलीचे वर्ष आणि मुलाचे वर्ष

येथे एक कटू गोष्ट बोलायला हवी. त्याच गुणांवर मुलाला दुसरे वर्ष मिळते आणि मुलीला सांगितले जाते, "बीएस्सी कर, नंतर पाहू." कारण विचारले तर तिचे वय, लग्न, बाहेरगावचे वसतिगृह, असे काहीतरी पुढे येते. चुकलेल्या प्रश्नांचे तीन भाग मुलामुलींसाठी वेगळे नसतात. मुलाला जो कागद लावला, तोच मुलीलाही लावावा. याची दुसरी बाजूही आहे. घराण्यात डॉक्टर हवा, बाबांचा दवाखाना पुढे चालायला हवा, म्हणून मुलाला तिसऱ्यांदा ढकलले जाते आणि त्याला मात्र चित्रकला किंवा हिशेब आवडत असतात. "तुला खरेच हे करायचे आहे का?" हा प्रश्न एकदा शांतपणे, उत्तराची भीती न दाखवता विचारावा.

दुसरी दारे

रुग्णसेवा एमबीबीएसवरच थांबत नाही. दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदव्यांना 'नीट'चेच गुण लागतात. महाराष्ट्रात भौतिकोपचार आणि पशुवैद्यक यांचे प्रवेशही त्याच गुणांवर होतात. परिचर्या आणि औषधनिर्माणशास्त्र यांच्या सीईटी वेगळ्या असतात, त्यामुळे त्यांचे अर्ज 'नीट'च्या निकालाची वाट न पाहता आधीच भरून ठेवावेत. प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह, डायलिसिस या विभागांसाठीही शास्त्रोक्त अभ्यासक्रम आहेत आणि अशा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय कायदाही झाला.

मात्र यांपैकी कोणताही अभ्यासक्रम "काहीच मिळाले नाही म्हणून" घेऊ नये. आयुर्वेदाची पदवीही आंतरवासिता धरून साडेपाच वर्षांची आहे, एमबीबीएसइतकीच. मन दुसरीकडे ठेवून साडेपाच वर्षे काढणे सोपे नाही. प्रवेश घेण्याआधी त्या व्यवसायातल्या एखाद्या व्यक्तीबरोबर मुलाने दोन दिवस घालवावेत. भौतिकोपचार म्हणजे काय, हे माहितीपत्रकापेक्षा पक्षाघाताच्या रुग्णाला पहिले पाऊल टाकायला शिकवताना पाहिले तर चांगले समजते.

परदेश आणि दलाल

मामाच्या ओळखीच्या 'त्या' माणसाकडे जाण्याआधी नियम जाणून घ्यावेत. परदेशी वैद्यकीय शिक्षणासाठीही 'नीट'ची पात्रता लागते. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता हवी, आणि त्या पदवीवर त्या देशातही व्यवसायाचा परवाना मिळण्याजोगा हवा. परत आल्यावर चाळणी परीक्षा असते. तिच्यात ३०० पैकी १५० गुण लागतात आणि बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त उमेदवार नापास होतात. फी स्वस्त म्हणून सांगणारा दलाल हे सांगत नाही. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर युक्रेनमधून हजारो भारतीय विद्यार्थ्यांना अर्धवट शिक्षण सोडून परतावे लागले, तेव्हा अनेक कुटुंबांचे कर्ज मात्र तसेच राहिले. याचा अर्थ परदेशी जाऊच नये असा नव्हे. नियम स्वतः तपासून, तिथे शिकणाऱ्या मुलांशी बोलून, आणि पूर्ण खर्चाचा हिशेब मांडून जावे.

"अमुक लाख द्या, जागा पक्की" असे इथल्या महाविद्यालयाबद्दल सांगणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवावे. खासगी आणि अभिमत संस्थांतील जागाही 'नीट'च्या क्रमांकाने, अधिकृत प्रवेशफेरीतूनच भरल्या जातात. महाराष्ट्रात देणगी घेऊन प्रवेश देण्यावर १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. तेव्हा दलालाला दिलेले पैसे बुडाले तर तक्रार करतानाही आपलीच अडचण होते. अभिमत संस्थांची रीतसर फीच वर्षाला वीस लाखांच्या पुढे जाऊ शकते. गावची जमीन किंवा भविष्यनिर्वाह निधी त्यात घालण्यापूर्वी, कर्जाचा हप्ता कोण आणि किती वर्षे भरणार, हे मुलालाही समोर बसवून सांगावे.

घरातले बोलणे

राजस्थानातील कोटा शहरात २०२३ मध्ये परीक्षेची तयारी करणाऱ्या वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. ती सर्व कुठल्या तरी घरातली हुशार मुलेच होती. निकालानंतर मूल जेवेनासे झाले, झोप उडाली, "माझ्यामुळे तुमचे पैसे गेले" असे पुन्हा पुन्हा म्हणू लागले, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे ठेवू नये आणि मदत घ्यायला लाजू नये. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

निकालाच्या दिवशी आईवडिलांनी निर्णयाचे काहीच बोलू नये, हे उत्तम. "गुणांचं नंतर पाहू, आधी जेवून घे," एवढे पुरते. नातेवाइकांच्या फोनला उत्तर देण्याची जबाबदारी वडिलांनी घ्यावी. मुलाला प्रत्येकापुढे आकडा सांगायला लावू नये. आठ दिवसांनी सर्वांनी एकत्र बसावे, प्रश्नपत्रिका, क्रमांक, नियमपुस्तिका आणि पैशाचा हिशेब समोर घ्यावा, आणि पहिले बोलणे मुलाचे किंवा मुलीचे असावे. पुढची वर्षे त्यांनाच त्या वाटेने चालायचे आहे.