नोंदींची दुबार पेरणी होत नाही

पावसाने दगा दिला तर दुबार पेरणी करता येते; पुसल्या गेलेल्या नोंदींची मात्र दुबार पेरणी होत नाही. वाणांच्या बहुवर्षीय चाचण्या, दैनंदिन हवामान, माती परीक्षणाचे निष्कर्ष ही माहिती आज आपल्या केंद्रांच्या संगणकांत साठलेली आहे. अनेक ठिकाणी तिची प्रत असते, पण त्याच इमारतीत. पुराचे पाणी शिरले किंवा आग लागली, तर मूळ आणि प्रत दोन्ही एकदमच जातात. परगावी प्रत का ठेवली नाही, असे विचारल्यास ‘इंटरनेट संथ आहे’ हे उत्तर मिळते. हे उत्तर यापुढे ग्राह्य धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बियाण्यांच्या बाबतीत ही दक्षता कृषी संशोधनाने केव्हाच अंगी बाणवली आहे. सीरियातील अलेप्पोजवळ असलेल्या ‘इकार्डा’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने आपल्या संग्रहातील बियाण्यांचे नमुने नॉर्वेतील स्वालबार्ड बीजभांडारात ठेवले होते. यादवी युद्धामुळे मूळ बीजपेढीचा वापर अशक्य झाला, तेव्हा २०१५ मध्ये ते नमुने परत मागवून मोरोक्को व लेबनॉन येथे संग्रहाची पुन्हा उभारणी सुरू झाली. बियाण्याला जो न्याय, तोच त्याच्या नोंदींनाही लागू व्हावा.

अडचण खोटी नाही. छायाचित्रांसह ५०० गीगाबाइटचा डेटाबेस सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने पाठवू लागल्यास सुमारे २३ दिवस अखंड लागतील. मध्येच वीज गेली तर आणखी खोळंबा. परंतु त्या डेटाबेसमध्ये दिवसाकाठी २०० मेगाबाइटची भर पडत असेल, तर तेवढी भर त्याच वेगाने पंधरा मिनिटांच्या आत जाते. म्हणजे संथ जोडणी आड येते ती पहिल्या संपूर्ण प्रतीपुरतीच.

ती पहिली प्रत इंटरनेटने पाठवण्याचा अट्टहास कशासाठी? हार्ड डिस्कवर उतरवून ती जबाबदार कर्मचाऱ्याच्या हाती विद्यापीठात किंवा दूरच्या सहयोगी केंद्रात पोहोचवावी. त्यानंतर रोज रात्री केवळ बदल पाठवावेत. मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल यांसारख्या प्रणाली प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद ठेवू शकतात. डिस्क प्रवासात असतानाचे बदलही त्यामुळे सुटत नाहीत. छायाचित्रे व इतर फायलींसाठी ‘आरसिंक’ हे विनामूल्य साधन उपलब्ध आहे. ते दोन्हीकडच्या फायली पडताळून बदललेला भागच पाठवते.

काही पथ्ये मात्र पाळावीत. चालू डेटाबेसच्या फायली तशाच उचलू नयेत. त्या प्रणालीच्याच बॅकअप साधनाने सुसंगत प्रत घ्यावी. नोंदींत शेतकऱ्यांचे आधार किंवा बँक खाते क्रमांक असतील, तर डिस्क कूटबद्ध करूनच बाहेर पाठवावी आणि तिची किल्ली वेगळी ठेवावी. एक प्रत जोडणीपासून पूर्णपणे अलग असावी, म्हणजे खंडणीखोर विषाणू शिरला तरी तिच्यापर्यंत पोहोचणार नाही.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे पडताळणी. उगवणक्षमता न तपासता आपण बियाणे पेरत नाही. मग प्रत परत उघडते की नाही हे न तपासता निर्धास्त कसे राहतो? प्रत्येक हंगामापूर्वी एकदा ती दुसऱ्या संगणकावर उभी करून मागील हंगामाच्या नोंदी जुळवून पाहाव्यात.

यासाठी मोठ्या निधीची नव्हे, तर नेमून दिलेल्या जबाबदारीची गरज आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या केंद्रात हा प्रश्न मांडावा. ज्यांच्या शेतातून या नोंदी घेतल्या जातात, त्या प्रगतशील शेतकऱ्यांनीही ‘आमच्या नोंदींची दुसरी प्रत कोठे आहे?’ असे अवश्य विचारावे. तो त्यांचा अधिकार आहे.