पांढरा रंग निवडावा तो ओट्यापाशी

घराला रंग देण्याचे ठरले की दिवाणखान्याच्या भिंतीवर घरात आठ-आठ दिवस चर्चा रंगते. शेड कार्डे येतात, शेजाऱ्यांचे अभिप्राय घेतले जातात, मुलांच्या आवडीनिवडी विचारल्या जातात. स्वयंपाकघराची पाळी आली की मात्र सारा प्रश्न एका वाक्यात निकालात निघतो : 'तिथे पांढरा देऊन टाका.' जणू पांढरा हा रंग नव्हेच. निवड करण्याचा कंटाळा आला की जे उरते ते पांढरे! वास्तविक पांढऱ्याइतका निवडीला अवघड रंग दुसरा नाही आणि स्वयंपाकघराइतकी त्याची कठोर परीक्षा घेणारी जागाही दुसरी नाही. ही निवड दुकानातील काचेच्या टेबलावर न होता ओट्यापाशी झाली पाहिजे, आणि जी व्यक्ती तेथे रोज उभी राहते तिच्या संमतीने झाली पाहिजे.

या विषयाचा विचार करण्यासाठी तमिळनाडूतील आडुतुरै हे गाव फार सोयीचे आहे. कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाताना तिरुविडैमरुदूर लागते आणि त्यानंतर आडुतुरै. मराठी वाचकाला हा परिसर अगदीच परका नाही. तंजावरच्या भोसल्यांची सत्ता या मुलखावर सतराव्या शतकापासून होती. 1798 साली गादीवरून दूर झालेल्या अमरसिंह राजांनी आपले उर्वरित आयुष्य तिरुविडैमरुदूर येथेच काढले. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात पाककलेवर मराठीत ग्रंथ सिद्ध झाला. तो तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जतन केला आहे. ज्या भूमीत स्वयंपाकाला ग्रंथाचा मान मिळाला, तेथे स्वयंपाकघराच्या भिंतीचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

दोन तांदूळ, दोन पांढरे

आडुतुरैची खरी ओळख भाताची. येथील भात संशोधन केंद्राची सुरुवात 1922 साली झाली. आज ते तमिळनाडू भात संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते आणि 'एडीटी' या अक्षरांनी सुरू होणारे भाताचे वाण येथूनच शेतकऱ्यांपर्यंत गेले आहेत. या भागातील गृहिणीला पांढऱ्याच्या छटा कोणत्याही रंगतज्ज्ञाने शिकवण्याची गरज नाही. तिच्या घरात दोन प्रकारचे तांदूळ असतात. एक 'पच्चरिसि', म्हणजे न उकडलेला. दुसरा 'पुळुंगल', म्हणजे कोकणी माणसाच्या परिचयाचा उकडा. वेगवेगळ्या डब्यांत असताना दोन्ही पांढरेच भासतात. एकाच सुपात शेजारी शेजारी ओतले की उकडा एकदम पिवळसर दिसू लागतो. दारापुढच्या कोलमसाठी ती न उकडलेल्या तांदळाचे पीठ घेते, ते याच शुभ्रतेसाठी.

रंगाच्या बाबतीत हेच घडते. प्रत्येक पांढऱ्यात पिवळी, निळी, करडी किंवा गुलाबी झाक दडलेली असते आणि ती एकट्याने कधीच उघडी पडत नाही. दुकानात 'दुधाळ' वाटलेला रंग नव्या पांढऱ्या टाइल्सच्या शेजारी मळका दिसतो. 'बर्फासारखा' वाटलेला रंग जुन्या लाल जमिनीवर निळसर आणि रुक्ष वाटतो. पांढरा रंग चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. तो कोणाच्या शेजारी बसणार, हे आधी ठरले पाहिजे. ओट्याचा दगड, टाइल्स आणि जमीन या सहसा न बदलणाऱ्या गोष्टी; रंगाने त्यांच्याशी जुळवून घ्यावे, त्यांनी रंगाशी नव्हे.

प्रकाशाचे गणित

दुसरी बाजू प्रकाशाची. गृहसजावटीच्या परदेशी पुस्तकांतून एक सल्ला हमखास आढळतो : उत्तरेकडे खिडकी असलेल्या खोलीत थंड, निळसर प्रकाश येतो, म्हणून तेथे पिवळसर झाकेचा पांढरा द्यावा. हा सल्ला युरोपच्या आकाशाखाली जन्मला आहे. आडुतुरै विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे 11 अंशांवर आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत तेथे माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात उत्तरेच्या खिडकीवरही ऊन येते. खिडकीबाहेर भाताची खाचरे असतील तर त्यांची हिरवी आभा भिंतीवर उतरते. आत रेड ऑक्साइडची जमीन असेल तर तिची तांबूस आभा कपाटांच्या खालच्या दारांवर चढते. उसना सल्ला येथे उपयोगी पडत नाही.

रात्रीचा प्रकाश तर पूर्णपणे वेगळा. तोच रंग पिवळ्या दिव्याखाली सायीसारखा दिसतो आणि थंड पांढऱ्या एलईडीखाली रुग्णालयासारखा. सांजवेळचा स्वयंपाक ज्या दिव्याखाली होतो, त्या दिव्याखाली रंग पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. उपाय साधा आणि स्वस्त आहे. दोन फूट लांब-रुंद फळीवर रंगाचे दोन हात द्यावेत, ती भिंतीला उभी टेकवावी आणि सकाळी, दुपारी व रात्री पाहावी. शेजारी एक कोरा पांढरा कागद धरला की लपलेली झाक लगेच कळते.

चुना आणि ऋतू

या भागातील जुन्या घरांना चुन्याची सफेदी असे. तिला केवळ गरिबांचा रंग समजणे हा अन्याय होईल. भिंतीवरचा ओला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा कठीण होतो. तो भिंतीतील ओल अडवून धरत नाही, आणि ताजेपणी तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे बुरशीला थारा देत नाही. पिवळसर चुन्यात चिमूटभर नीळ घातली की तो अधिक शुभ्र भासतो, हे ज्ञान कोणत्याही शेड कार्डाहून जुने आहे. चुन्याच्या मर्यादाही खऱ्या आहेत. तो हाताला लागतो, धुता येत नाही, आणि फोडणीतल्या हळदीचा शिंतोडा ताज्या चुन्यावर पडला तर लालसर होतो. हळद आणि चुना यांपासून कुंकू करणाऱ्या समाजाला याचे कारण सांगायला नको. धुता येणाऱ्या इमल्शनचे आकर्षण म्हणूनच समजण्यासारखे आहे आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही.

विरोध आहे तो घाईला. वर्षानुवर्षे चुना पिऊन बसलेल्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर थेट प्लॅस्टिकसारखा थर चढवला तर आतली ओल कोंडते, खार फुटतो आणि वर्ष सरायच्या आत पोपडे निघू लागतात. दोष मग रंगाला दिला जातो. भिंत कोरडी आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावावा आणि एक दिवसाने काढावा. आतून दवासारखे थेंब दिसले तर रंगाऱ्याला परत पाठवावे आणि आधी गळतीचा बंदोबस्त करावा. गिलावा नवा असेल तर त्याला सुकायला किमान 28 दिवस द्यावेत.

जुन्या चालीरीतींत हे शहाणपण अंतर्भूत होते. महाराष्ट्रात सफेदी होते ती दसरा-दिवाळीच्या आधी, कारण नैर्ऋत्य मोसमी पाऊस तेव्हा संपत आलेला असतो. तमिळनाडूत ती होते जानेवारीत, भोगी-पोंगलच्या आधी, कारण तेथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असा ईशान्येकडून येतो. दोन प्रांत, दोन सण, पण नियम एकच : पाऊस सरल्यावर कुंचला हाती घ्यावा. महाराष्ट्रातून बदलीवर गेलेल्या कुटुंबाने कुंभकोणम परिसरात दिवाळीपूर्वी रंगकाम काढले तर ते नेमके पावसाच्या तोंडावर काढले जाते. आपल्याबरोबर नेलेला सण नेलेल्या ठिकाणचा ऋतू बदलत नाही.

कपाटाचा पांढरा वेगळा

भिंत आणि कपाटे यांना एकाच डब्यातला रंग देण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. भिंतीवर हात क्वचित लागतो. कपाटाच्या दाराला दिवसातून पन्नास वेळा लागतो, तोही कधी तेलाचा, कधी कणकेचा. कपाटाला कठीण, पुसता येणारा, किंचित चमकदार थर हवा. भिंतीला कमी चमकेचा, पण धुता येणारा. चमक बदलली की तीच छटा निराळी दिसते, हेही ध्यानात ठेवावे. भिंत आणि दारे यांत थोडा पण स्पष्ट फरक ठेवणे उत्तम. अगदी सूक्ष्म फरक मात्र चूक झाल्यासारखा दिसतो.

पारंपरिक ऑइल पेंटचा एक दोष दुकानात दिसत नाही. प्रकाश न मिळणाऱ्या जागी तो हळूहळू पिवळा पडतो. कपाटाचा आतला भाग आणि कोपऱ्यातली दारे उजेडातल्या दारांपेक्षा लवकर पिवळी होतात, ती यामुळे. पांढऱ्यासाठी पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक एनॅमल या बाबतीत अधिक भरवशाचा.

सर्वांत गंभीर मुद्दा मात्र आरोग्याचा आहे. एके काळी पांढरा रंग म्हणजे शिशापासून केलेला सफेदा असे. त्याची विषबाधा एवढी कुप्रसिद्ध होती की 1921 साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने घराच्या आतील रंगकामात त्याच्या वापरावर निर्बंध घालणारा करार केला. पुढे त्याची जागा टायटॅनियम डायऑक्साइडने घेतली. त्याचे खनिज केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील वाळूतच सापडते. भारतात घरगुती रंगांमधील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. याचा व्यावहारिक अर्थ असा की त्यापूर्वी रंगवलेल्या जुन्या कपाटांवर शिसे असण्याची शक्यता गृहीत धरावी. असा रंग कोरडा घासू नये. पृष्ठभाग ओला ठेवून घासावा, त्या काळात अन्नधान्य व लहान मुले त्या खोलीपासून दूर ठेवावीत आणि धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपावी. छटेची चूक पुढच्या वर्षी सुधारता येते; शिशाची धूळ पोटात गेलेल्या बालकाचे नुकसान भरून येत नाही.

निर्णय कोणाचा?

पांढराच का, असाही प्रश्न विचारला जातो. आधुनिक स्वयंपाकघराचा पाया घालणारा प्रसिद्ध 'फ्रँकफर्ट किचन' हा नमुना मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद महिलेने 1926 साली सिद्ध केला. त्यातील कपाटे निळ्या-हिरव्या रंगाची होती, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत अशी तेव्हा समजूत होती. म्हणजे शास्त्रशुद्ध स्वयंपाकघर पांढरेच असले पाहिजे, असा काही दंडक नाही. तरीही आपल्याकडील लहान, एका खिडकीच्या स्वयंपाकघरात पांढऱ्याला तोड नाही. चांगला पांढरा थर त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी 80 ते 90 टक्के परत फेकतो. गडद रंग मळ लपवतो, पांढरा तो दाखवतो. जेथे अन्न शिजते तेथे मळ दिसणेच हिताचे.

पण दिसलेला मळ पुसणार कोण? खरा प्रश्न येथे आहे. बहुतेक घरांत रंगाचा निर्णय एक जण घेतो, पैसे तोच देतो आणि त्या निर्णयाची रोजची किंमत दुसरीच व्यक्ती ओले फडके हाती घेऊन चुकवते. झगझगीत शुभ्र कपाटे पाहुण्यांना दोन मिनिटे सुखावतात आणि गृहिणीला वर्षभर राबवतात. फळीवरच्या नमुन्यांपैकी कोणता हवा, हे जी व्यक्ती स्वयंपाक करते आणि पुसते तिनेच सांगावे. इतरांनी मत द्यावे, निकाल देऊ नये.

घरदुरुस्तीसाठी बचत मोडणाऱ्या किंवा कर्ज घेणाऱ्या ग्राहकानेही हाच क्रम पाळावा. अंदाजपत्रकात पहिली रक्कम ओल आणि गळतीसाठी, दुसरी पृष्ठभागाच्या तयारीसाठी आणि तिसरी रंगासाठी ठेवावी. डब्यावरील छटेच्या नावाला शेवटचे स्थान द्यावे. भिंत कोरडी, ऋतू योग्य, प्रकाश पाहिलेला आणि गृहिणी राजी, एवढे जमले की कोणताही सौम्य पांढरा शोभून दिसतो. यांपैकी एक जरी चुकले तरी महागातला महाग पांढराही पहिल्याच पावसाळ्यात आपला हिशेब मागतो.