शिट्टी टर्बोची, इंजिन साधेच

संध्याकाळी वसई फाट्यावर रिक्षाची वाट पाहत उभे राहा. मागून विमान उतरत असल्यासारखी शिट्टी ऐकू येईल. वळून पाहाल तर काय, दहा-बारा वर्षांची साधी पेट्रोल गाडी! डिकीवर चकचकीत अक्षरांत ‘टर्बो’. बॉनेटवर हवा आत घेणारे प्लास्टिकचे तोंड, पण त्याला भोकच नाही, टेपने चिकटवलेले. आणि शिट्टी? ती सायलेन्सरच्या टोकात बसवलेल्या छोट्या नळीची.

खरा टर्बो वेगळा. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूचा जोर एरवी वायाच जातो. टर्बोत त्या जोरावर एक छोटे चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त म्हणून इंधन जास्त जळते, ताकद वाढते. थोडक्यात, खरा टर्बो वाया जाणाऱ्या वायूला कामाला लावतो. नकली टर्बो त्याच वायूची पिपाणी वाजवतो.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने मोठ्या हौसेने विचारले, “सर, आवाज ऐकलात?”

आम्ही म्हणालो, “ऐकला बेटा. आता गाडी कधी येणार?”

तोही खळखळून हसला.

मराठीत म्हणतात, ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’. उर्दूत म्हणतात, ‘ऊंची दुकान, फीका पकवान’. आम्ही दोन्ही भाषा शिकवतो, पण या गाड्यांपुढे दोन्ही म्हणी कमी पडतात.

हसून झाले, आता कामाचे. स्टिकरने कोणाचे नुकसान होत नाही. पण चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यावर कंटेनरला ओव्हरटेक करताना समोरून दुसरा कंटेनर आला, तर स्टिकर मदतीला येत नाही. तिथे इंजिनात आहे तेवढीच ताकद मिळते. दोस्तांना शिट्टी ऐकवता ऐकवता मुलाचा स्वतःचाच तिच्यावर विश्वास बसू लागतो, खरा धोका तिथे आहे. शिवाय रस्त्याकडेच्या घरात कोणी आजारी असते, कोणाचे बाळ नुकतेच झोपलेले असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार आवाजाचा नियम मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. लायसन्स तीन महिने जाते, ते वेगळेच.

म्हणून अब्बा-अम्मींना एवढेच सांगणे: मुलावर ओरडू नका, हौस आहे त्याची. या ईदला त्याच्या हातात गाडीसाठी पैसे ठेवाल, तेव्हा त्याच्यासोबत गॅरेजपर्यंत जा. आधी ब्रेक तपासून घ्या, मग टायर, मग वायपर; आपल्याकडचा पाऊस काय असतो ते ठाऊक आहेच. एवढे करून पैसे उरले, तर स्टिकर खुशाल लावू द्या. शिट्टी मात्र नको.