‘भारी’ ड्रॉप

“दादा, मागच्या वेळचं ते भारी ड्रॉप द्या ना, पोराने रात्रभर डोळे चोळलेत.” देवळाली कॅम्पातल्या एका मेडिकलच्या काउंटरवर परवा हे ऐकलं. पोरगा आठ-नऊ वर्षांचा. मुठीच्या पेरांनी डोळे असे रगडत होता, की बघणाऱ्याच्या डोळ्यांना खाज सुटावी. डोळ्याचा पांढरा भाग मातकट झालेला, कोपऱ्यात दोऱ्यासारखी चिकट घाण. चिठ्ठी कुणी मागितली नाही. आईने दुकानाच्या पायरीवरच पोराची मान मागे करून दोन-दोन थेंब टाकले.

त्या बाटलीत प्रतिजैविक आणि स्टिरॉइड एकत्र होतं.

“पण गुण येतो ना?” हा या माउलीचा, आणि तिच्यासारख्या हजारोंचा पूर्वपक्ष. तो खोटा नाही. दोन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते. फसगत होते ती नेमकी इथेच. कोरड्या, धुळकट हवेत उसळणारी, मुलग्यांत अधिक दिसणारी आणि बहुधा वयात येईपर्यंत पिच्छा पुरवणारी ही अ‍ॅलर्जी आहे. मारायला जंतूच नाही, तर प्रतिजैविक करणार काय? गुण येतो तो स्टिरॉइडचा. आणि तेच स्टिरॉइड उन्हाळा आला की, खाज सुटली की, कुणाला न विचारता पडत राहिलं, तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, शाळकरी वयात मोतीबिंदूही. दाब असा हळूहळू चढतो तेव्हा बहुधा दुखत नाही. नजर कडेकडून कमी होते आणि पोराला ते सांगताही येत नाही. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

मग द्यायचं काय? थंड पाण्याच्या घड्या, डोळे चोळू न देणं आणि ओलोपॅटॅडिनसारखे अ‍ॅलर्जीचे थेंब. तेवढ्याने भागलं नाही तर डोळ्यांचे डॉक्टर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस सुचवतात. ही औषधं सावकाश काम करतात, म्हणून लोकांना ‘हलकी’ वाटतात. चोळण्याकडे दुर्लक्ष नको. सतत चोळून पारपटल पातळ होतं, शंकूसारखं पुढे येतं.

दुसऱ्या टोकाला “स्टिरॉइड म्हणजे विष” म्हणणारे आहेत. त्यांचंही मला पटत नाही. अ‍ॅलर्जी जोरात असेल, पारपटलावर जखम होऊ लागली असेल, तर स्टिरॉइडच डोळा वाचवतं. मात्र थोडे दिवस आणि दाब मोजत मोजत.

याच कॅम्पच्या नावावरून इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्द गेला. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत इथे खितपत पडलेले गोरे सोल्जर भ्रमिष्टासारखे वागू लागले, की त्यांना ‘डूलॅली टॅप’ झाला म्हणत. हा टॅप म्हणजे आपला ताप. दुखणं कंटाळ्याचं, नाव तापाचं! आपण तरी वेगळं काय करतो? २०२३च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर डोळे आले. साथ विषाणूची होती, तरी मागणी प्रतिजैविक ड्रॉपचीच. सर्दी-घसा बहुतेकदा विषाणूचा, आणि आपण अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची स्ट्रिप मागतो. पोराच्या साध्या जुलाबाला ओआरएस आणि झिंक पुरतं. आपल्याला सलाईन लागतं.

‘नवं ते भारी’ हाही असाच समज. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट पाडले: आधी वापरायची, जपून वापरायची आणि अगदी राखून ठेवायची. पहिल्या गटात जुनं अमॉक्सिसिलिन आहे, १९५०च्या दशकातलं नायट्रोफ्युरँटोइनही आहे. बाईमाणसाच्या लघवीच्या साध्या जळजळीवर ते आजही बहुधा चालतं. आपलं लाडकं अ‍ॅझिथ्रोमायसिन मात्र दुसऱ्या गटात, जपून वापरायचं. जंतूला औषधाचं वय कळत नाही. ते कितीदा उगाच वापरलं गेलं, एवढंच त्याला कळतं.

“डॉक्टरकडे जायचं तर रोज बुडतो, वर फी,” या आक्षेपापुढे मात्र मी गप्प होतो. तो खरा आहे. कायदा म्हणतो, चिठ्ठीशिवाय ही औषधं विकू नका. २०१४ पासून काही प्रतिजैविकांची वेगळ्या वहीत नोंदही ठेवावी लागते. पण ज्याचा रोज बुडतो त्याच्या पोराचा डोळा वहीने तपासला जात नाही. शाळेत वजन-उंची बघतात तसं, उन्हाळा लागण्याआधी डोळे चोळणाऱ्या पोरांची यादी करून त्यांना एकदा नेत्रतज्ज्ञांपुढे उभं करायला काय हरकत आहे? ही मागणी शाळांकडे आहे, कॅन्टोन्मेंटकडे आहे.

तोवर एक करा. फ्रीजच्या दारात जे ड्रॉप पडलं आहे, त्याचं खोकं काढून बघा. त्यावर उभी लाल रेष असेल, तर ते कुणी, कोणत्या तारखेला, किती दिवसांसाठी लिहून दिलं होतं ते आठवा. आठवलं नाही, तर पोराच्या डोळ्यात घालू नका.