वेशीवर कोण उभं आहे?



बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आपल्या बैठकांचे निरोप आता व्हॉट्सअ‍ॅपवरून जातात. बचत गटाचा हप्ता, ग्रामसभेची तारीख, इतकंच काय, मारहाण झालेल्या बाईला रातोरात निवारा हवा असल्याचा निरोपही. काम झटपट होतं हे खरं. पण ही ओसरी आपली नाही. फेसबुकने, म्हणजे आजच्या मेटाने, २०१४ मध्ये ती विकत घेतली. २०२१ मध्ये माहितीच्या वापराबाबत नव्या अटी पुढे आल्या, त्या आपल्याला विचारून नव्हे. या प्रकरणी भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटींचा दंड केला.

दुसरी वाटही आहे. २०१६ पासून मॅस्टोडॉन नावाची एक सोय चालू आहे. तिला एक मालक नाही. छोटे छोटे सर्व्हर वेगवेगळे गट चालवतात, प्रत्येकाचे नियम वेगळे, तरी एकमेकांशी बोलता येतं. जशा वाड्या-वस्त्या वेगळ्या, पण रस्ते जोडलेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरने ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं बंद केलं, तेव्हा आपल्याकडचे अनेकजण रागाने तिकडे गेले.

जुलै २०२३ मध्ये मेटाने थ्रेड्स सुरू केलं आणि या जाळ्याला जोडून घेण्याचा बेत जाहीर केला. तेव्हा शेकडो छोट्या सर्व्हरांच्या कारभाऱ्यांनी ठरवलं, या कंपनीला वेशीच्या आत घ्यायचं नाही. हा हट्टीपणा होता का?

आम्हाला तसं वाटत नाही. २००६ मध्ये गूगलने आपली गूगल टॉक ही सेवा अशाच एका खुल्या जाळ्याला जोडली. माणसं गूगलकडे गोळा झाली. २०१३ मध्ये कंपनीने हँगआउट्स आणलं आणि त्यात तो जोड ठेवला नाही. बाहेरच्या छोट्या सर्व्हरांवरची माणसं हळूहळू तुटली. जादा दर देऊन दूध नेणारा व्यापारी गावची डेअरी मोडली की दर पाडतो, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

बायकांसाठी प्रश्न आणखी जवळचा आहे. बाईला घरातली वस्तू किंवा मालमत्ता म्हणण्यास मेटाच्या नियमांत बंदी होती. जानेवारी २०२५ मध्ये ती काढून टाकली गेली. ज्या विचाराशी आपण रोज उंबऱ्याच्या आत भांडतो, त्याला तिथे मोकळीक मिळाली. मग अशा ठिकाणाहून येणारं बोलणं आपल्या अंगणात का येऊ द्यावं?

काही मैत्रिणी म्हणतात, दार लावलं तर चार माणसांतच बोलत राहू. बाया तर त्याच मोठ्या जागी आहेत. हा मुद्दा खरा आहे. म्हणून प्रचारासाठी मोठ्या बाजारात जरूर जावं. पण बाजारात जाणं वेगळं आणि घराची किल्ली व्यापाऱ्याला देणं वेगळं. सामुदायिक रेडिओच्या बाबतीत २००६ च्या धोरणाने हा भेद मानला आहे: परवाना ना-नफा संस्थेलाच, कंपनीला नाही. बारामतीची वसुंधरा वाहिनी हे त्यातलंच घराजवळचं उदाहरण. ऑनलाइन जाळ्यात असं कुंपण कायद्याने घातलेलं नाही. ते आपणच घालायचं.

मात्र कंपनी नाही म्हणजे समता आली, असंही नव्हे. साखर कारखाना सहकारी असतो, एका सभासदाला एक मत असतं. पण सातबारा पुरुषाच्या नावावर, म्हणून शेअर आणि मतही बहुधा त्याचंच. उसात राबणारी बाई बाहेरच. नव्या जाळ्यातही कारभार पुरुषांच्या हाती आणि शिव्या निस्तरण्याचं बिनमोल काम बायकांकडे, असं होऊ नये.

म्हणून प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. पीडित बाईचं नाव, पत्ता, फोटो कोणत्याही ग्रुपवर जाणार नाही, हे आजच ठरवावं. सभासदांची यादी आणि प्रकरणांच्या नोंदी आपल्या कपाटात, आपल्या कुलुपात असाव्यात. आणि उद्या स्वतःची जागा उभी करायची तर कारभारी कोण, त्यांना मानधन किती, कोणाशी जोडून घ्यायचं आणि कोणाशी नाही, हे सगळ्याजणींच्या मताने आधी लिहून काढावं. वेस कुणासाठी उघडायची, हे आत राहणाऱ्या बायांनी ठरवायचं आहे.

— संपादक मंडळासाठी