सोने मोजले, बाई मोजली नाही

१ एप्रिल २०२३ रोजी देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. त्यानंतर सतरा दिवसांनी आमच्या वांद्रे-कुर्ला संकुलात ॲपल कंपनीचे भारतातले पहिले दुकान उघडले. दुकानाची बातमी घरोघरी पोचली. नियमांची बातमी मात्र जिला कळायला हवी होती, तिला कोणी सांगितली नाही.

ती कोण? वांद्रे पूर्वेच्या वस्त्यांमध्ये मी दहा वर्षे काम करते. खोलीत पोटमाळ्याखाली बसून ब्लेडने वायर सोलणाऱ्या बायका मी रोज पाहते. वायर भंगारवाला आणून टाकतो, तांबे किलोवर मोजून नेतो. काही घरांत स्टोव्हवर संगणकाचे बोर्ड तापवून त्यावरचे सुटे भाग काढतात. शेजारीच पोळ्या होतात आणि मूल रांगत असते. "हे काम करता, त्याचे किती मिळतात?" असे विचारले की उत्तर येते, "काम कसलं ताई, घरबसल्या चार पैसे!" ती स्वतः ज्याला काम म्हणत नाही, त्याला सरकारनेही काम मानलेले नाही.

आता नियम काय म्हणतात पाहू. शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियमचा एक विषारी प्रकार आणि आग लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घालतात ती ब्रोमिनची दोन संयुगे, अशा सहा पदार्थांवर मर्यादा आहे. कॅडमियम वजनाच्या ०.०१ टक्का, बाकीचे ०.१ टक्का. युरोपात ही मर्यादा जुलै २००६ पासून आली. आपल्याकडे २०११ च्या नियमांत आली आणि मे २०१४ पासूनच्या नव्या मालाला लागू झाली. हे चांगलेच झाले. पण भंगारात येतो तो जुना माल. जुन्या टीव्हीच्या काचेत तर शिसे किलोच्या हिशेबात असते! शिवाय युरोपने २०१९ पासून थॅलेट नावाची चार रसायनेही यादीत घातली. वायरचे प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून ती वापरतात, आणि शरीरातल्या संप्रेरकांचे काम ती बिघडवतात. आपल्या यादीत ती नाहीत. म्हणजे आमची बाई ज्या वेष्टनाला दिवसभर हात लावते, तेच यादीबाहेर!

शिशाबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण हा आपल्या शरीराचा प्रश्न आहे. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना हाडांतले कॅल्शियम सुटू लागते, त्याबरोबर शिसेही रक्तात उतरते आणि वार ओलांडून गर्भापर्यंत जाते. माहेरी सोळाव्या वर्षी केलेल्या कामाचे विष सासरी पहिल्या बाळंतपणात बाहेर येऊ शकते. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कचऱ्याच्या असंघटित धंद्यात जगभर सुमारे १ कोटी २९ लाख बायका असाव्यात, असा अंदाज याच संघटनेने २०२१ मध्ये मांडला.

नव्या नियमांत कंपन्यांनी पुनर्प्रक्रियेची प्रमाणपत्रे विकत घ्यायची आहेत. ती कशावर मिळतात? सोने, तांबे, लोखंड, ॲल्युमिनियम किती निघाले त्यावर. नोंदणी कोणाची? उत्पादकाची, निर्मात्याची, दुरुस्ती करून विकणाऱ्याची आणि पुनर्प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याची. ब्लेड धरणारीला यात रकाना नाही. आणि तरीही याच नियमांत, २०१६ च्या नियमांतही, लिहिलेले आहे की सुटे भाग काढणाऱ्या कामगारांची ओळख व नोंदणी, त्यांचे गट, प्रशिक्षण आणि दरवर्षी आरोग्याची देखरेख ही राज्याच्या कामगार खात्याची जबाबदारी आहे. तसे ओळखपत्र वस्तीतल्या एकाही बाईच्या हातात मी पाहिलेले नाही.

पर्यावरणवाले मित्र म्हणतात, हा घरगुती धंदा बंदच करा. धाड पडली की माल जातो, बाईची मजुरी बुडते आणि उरलेले काम खिडकी लावून चालते. विष तेवढेच, हवा कमी. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने परिसर विकास सुरू केला. कचरा वेचणारी बाई कामगार आहे, हे तिथे लढून मान्य करून घेतले गेले. वायर सोलणारीची लढाई त्याच वाटेने जाईल. घरात काम करणारीचीही नोंदणी, वस्तीजवळ हवेशीर शेड, भंगारवाल्याऐवजी बायकांच्या गटाशी नोंदणीकृत कारखान्याचा थेट करार आणि यादीत थॅलेट, एवढ्या मागण्या आपल्या प्रत्येक गटाने कामगार खात्याकडे लेखी द्याव्यात.

एक गोष्ट मात्र सरकारची वाट न पाहता सुरू करता येईल. रक्तात लोह कमी असले की शरीर शिसे जास्त शोषते, आणि आपल्या वस्त्यांत पंडुरोग नसलेली बाई शोधावी लागते. महापालिकेच्या दवाखान्यात गरोदर बाईचे हिमोग्लोबिन तपासतातच. तेव्हा तिच्याबरोबर जाणाऱ्या कार्यकर्तीने डॉक्टरांना एवढे जरूर सांगावे: ही घरी वायर सोलते, हिच्या रक्तातले शिसेही तपासा, आणि कागदावर 'गृहिणी'च्या जागी तिचे काम लिहा.