उपऱ्या मुलाची कैफियत

शाळेच्या हजेरीपटावर ज्याचे नाव असते परंतु वर्गाच्या जिव्हाळ्यात ज्याला जागा नसते, अशा मुलाच्या वयात येण्याची कथा पडद्यावर मांडावी, अशी उत्कंठा आपल्या व्यवसायातील पुष्कळ तरुण दिग्दर्शकांच्या ठायी आज दिसते, आणि तिचे आम्ही मनापासून स्वागत करतो. मात्र अभिप्रायार्थ आमच्याकडे येणाऱ्या पटकथा वाचताना एक गोष्ट वारंवार खटकते. आरंभी मुलाचा विक्षिप्तपणा कोणीतरी वडीलधारा शब्दांत समजावून सांगतो, मध्यंतरानंतर त्याच्या अंगच्या एखाद्या दडलेल्या गुणाचा शोध लागतो, आणि अखेरीस स्नेहसंमेलनात किंवा स्पर्धेत बक्षीस पटकावून तो सर्वांच्या कौतुकास पात्र होतो. जग होते तसेच राहते. लायकी सिद्ध करण्याची जबाबदारी तेवढी मुलाच्या माथी येते. या सबंध व्यवहारात त्या मुलाचे स्वतःचे म्हणणे काय आहे, हे विचारावयाचे राहून जाते.

ते कसे विचारावे, याचा वस्तुपाठ फ्रांस्वा त्रुफो यांनी १९५९ साली ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ या आपल्या पहिल्याच दीर्घ चित्रपटाने घालून दिला. स्वतः त्रुफो बालपणी सुधारगृहाचा अनुभव घेतलेले होते, आणि त्यातून त्यांना वर काढणारे समीक्षक आंद्रे बाझँ यांच्या स्मृतीस हा चित्रपट अर्पण केलेला आहे. नायक आंत्वान द्वानेल हा काही असामान्य मुलगा नव्हे. वर्गात एक चित्र हातोहात फिरत असते, ते नेमके त्याच्या हाती असताना मास्तरांची नजर जाते, आणि अपराध सर्वांचा असूनही कोपऱ्यात उभे राहणे त्याच्या एकट्याच्या वाट्यास येते. पुढे सावत्र वडिलांच्या कचेरीतील टंकयंत्र तो चोरतो, ते विकले जात नाही म्हणून परत ठेवावयास जातो आणि तेव्हाच पकडला जातो. वडील त्याला स्वतः चौकीवर नेऊन हवाली करतात. बोटांचे ठसे घेतले जातात, छायाचित्रे काढली जातात, आणि कोणीही विशेष दुष्टपणा न करता, केवळ दफ्तराच्या शिरस्त्याने, एका मुलाचा गुन्हेगार होतो. कॅमेरा तेथे आक्रोश करीत नाही, हे आपल्या छायालेखकांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. पोलिसांच्या गाडीच्या गजांआडून रात्रीचे पॅरिस पाहताना मुलाच्या गालांवर ओघळणारे अश्रू आपल्याला दिसतात, तेही ओझरतेच.

या चित्रपटातील जो प्रसंग प्रत्येक पटकथालेखकाने पुनःपुन्हा अभ्यासावा असे आम्हांस वाटते, तो सुधारगृहातील मानसशास्त्रज्ञ स्त्रीच्या मुलाखतीचा. प्रश्न विचारणारी व्यक्ती पडद्यावर एकदाही येत नाही. फक्त तिचा आवाज, आणि समोर टेबलापाशी बसलेला, हातांची चुळबुळ करणारा, कधी नजर चुकवणारा आणि कधी अकस्मात हसणारा मुलगा. आपण जन्मास येऊ नये अशी आईची इच्छा होती आणि आजीमुळे आपण वाचलो, हे तो इतक्या सहजतेने सांगतो की ऐकणारा हादरून जातो. या प्रसंगासाठी चौदा वर्षांच्या झाँ-पियेर लेओ या मुलाच्या हाती लिहिलेले संवाद दिलेले नव्हते. त्रुफो प्रश्न विचारीत गेले आणि मुलगा आपल्या शब्दांत उत्तरे देत गेला. सबंध चित्रपटात प्रौढांपैकी ज्याने त्याने त्या मुलाला दटावले, फसवले किंवा हवाली केले; ऐकून घेण्याचे काम अखेर दिग्दर्शकाने केले. अशा चित्रपटाचे सत्य याच एका गोष्टीवर अवलंबून असते, असे आमचे ठाम मत आहे.

केन लोच यांच्या ‘केस’ (१९६९) या चित्रपटाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे मन दुभंगते. बार्न्सलेच्या कोळसाखाणींच्या मुलखातील बिली कॅस्पर वर्गापुढे उभा राहून आपण ससाणा कसा माणसाळवला ते सांगू लागतो, तेव्हा एरवी मुखदुर्बळ असलेल्या त्या मुलाच्या वाणीला जी धार चढते, तिच्या तोडीचे काही आम्ही बालपटांत क्वचितच पाहिले आहे. परंतु याच चित्रपटात मुख्याध्यापकाच्या खोलीत मुलांच्या हातांवर बसणाऱ्या छड्या खऱ्या होत्या. केवळ निरोप घेऊन आलेला एक लहानगाही त्या रांगेत सापडतो आणि काही सांगण्याची मुभा न मिळता छडी खातो. त्याच्या चेहऱ्यावरील भय अभिनयाचे नाही. तो प्रसंग अत्यंत परिणामकारक आहे आणि तरीही तो तशा रीतीने चित्रित व्हावयास नको होता, असेच आम्ही म्हणू. कारण ज्या अन्यायाविरुद्ध फिर्याद करावयाची, तोच अन्याय चित्रीकरणस्थळी मुलावर करण्याचा अधिकार कोणत्याही कलेस नाही.

मराठीत नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) आणि अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ (२०१४) या दोन चित्रपटांनी बक्षिसाच्या शेवटाचा मोह टाळला. ‘किल्ल्या’तील चिनू आईच्या सरकारी बदलीपायी कोकणात येतो, रुळू लागतो, तोच पुन्हा बदलीचा हुकूम येतो, एवढ्यातच सारे आले. ‘फँड्री’तील जब्याचे उपरेपण मात्र स्वभावातून आलेले नाही, जातीने लादलेले आहे, आणि म्हणून तेथे कोणतेही समुपदेशन लागू पडत नाही. सबंध गाव तमाशा पाहावा तसे पाहत असताना कैकाडी कुटुंबाला डुकरे धरावी लागतात. ऐन हाताशी आलेल्या क्षणी शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, जब्या ताठ उभा राहतो, घरचेही थांबतात आणि डुक्कर निसटते. पुढे मेलेले डुक्कर काठीला टांगून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाई यांची चित्रे दिसतात. त्यावर कोणी एक अक्षर बोलत नाही, आणि बोलण्याची गरजही राहत नाही. अखेरीस जब्याने कॅमेऱ्याच्या दिशेने भिरकावलेला दगड हीच त्याची कैफियत. त्या भूमिकेसाठी सोमनाथ अवघडे या अभिनयाचा पूर्वानुभव नसलेल्या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो यथार्थ होय.

कायद्याने आपल्याकडे काही तजवीज केलेली आहे. बालकलाकाराकडून काम करून घेण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीविना सलग तीन तासांहून अधिक नाही, आणि त्याच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत, हे नियम निर्मात्यांनी काटेकोर पाळलेच पाहिजेत. परंतु आमची विनंती त्याहून थोडी पुढची आहे. परवानगीचा अर्ज दाखल करण्यापूर्वी दिग्दर्शकाने त्या मुलाला सबंध कथा सांगावी, ती त्याला कशी वाटली हे विचारावे, एखादा प्रसंग खोटा वाटतो असे तो म्हणाला तर तो पुन्हा लिहावा, आणि एखादा प्रसंग करावयास त्याने नकार दिला तर तो नकार मान्य करावा.